तराजूचा न्याय आणि बाजाराची शिकवण

वसई तालुक्यांतल्या आईबापांस हल्लीं दोन भित्यांनीं घेरलें आहे. पहिली भीति ही कीं, आपलें पोर नशेच्या नादीं लागेल. दुसरी ही कीं, तें स्वतः नशा न करतांही दुसऱ्याचें पाकीट खिशांत घालून निघेल आणि दहा वर्षांसाठीं तुरुंगांत जाऊन पडेल. पहिल्या भीतीसाठीं सभा भरतात, चौकांत फलक लागतात, शाळांतून मुलांना शपथा दिल्या जातात. हें सर्व योग्यच आहे. पण दुसऱ्या भीतीविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. कारण ती बहुधा भाजीवालीच्या, गवंड्याच्या, मिठागरांतल्या मजुराच्या आणि भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या रिक्षावाल्याच्या घरांत शिरते. अशा घरांची बाजू मांडण्यास वकील लवकर मिळत नाहीं. म्हणून आज आम्ही तिच्याविषयीं लिहीत आहों.

गोष्ट दूरची नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानें नालासोपाऱ्यांत छापा घातला आणि सातशें किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडलें. पोरें यालाच ‘एमडी’ म्हणतात. या मालाची किंमत पोलिसांनीं सुमारें चौदाशें कोटी रुपये सांगितली. पाटीवर हिशेब मांडला तर हें ग्रॅमला वीस हजार रुपये पडतें; म्हणजे चिमूटभर भुकटीची किंमत आमच्या मजुराच्या महिनाभराच्या मजुरीहून अधिक! एवढा पैसा ज्या धंद्यांत आहे त्याचा मालक स्वतः पुडी खिशांत घेऊन विरार लोकलनें हिंडत नाहीं. तो दुसऱ्यास हिंडवितो. ज्यास हिंडवितो त्याच्या पदरांत चार पैसे पडतात, आणि बहुतेक वेळां हातकडीही त्याच्याच हातांत पडते.

कायदा काय म्हणतो तें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. अमली पदार्थांचा हल्लींचा कायदा १९८५ सालचा. तो त्या वर्षीं १४ नोव्हेंबरला अमलांत आला. आरंभीं त्यांत हेरॉइनसारखा माल थोडा असो कीं पुष्कळ असो, कमींत कमी दहा वर्षें सक्तमजुरी व एक लाखाचा दंड अशी शिक्षा होती. स्वतःच्या सेवनापुरताच अल्पसा माल होता असें आरोपीनें सिद्ध केलें तरच कांहीं सूट मिळे. २००१ सालीं ही कडी थोडी सैल केली आणि मालाच्या वजनाप्रमाणें तीन पायऱ्या ठरविल्या: अल्प प्रमाण, मधलें प्रमाण आणि व्यापारी प्रमाण. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी. हेरॉइन पांच ग्रॅमपर्यंत अल्प, अडीचशें ग्रॅमच्या वर व्यापारी. एमडी दोन ग्रॅमपर्यंत अल्प, पन्नास ग्रॅमच्या वर व्यापारी. अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मधल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. आणि एकदां व्यापारी प्रमाण ठरलें, कीं दहा वर्षांहून कमी नाहीं. वीस वर्षांपर्यंत कितीही. शिवाय कमींत कमी एक लाख रुपये दंड.

हें ‘दहाहून कमी नाहीं’ म्हणणें सर्व दुखण्याचें मूळ आहे. समजा, न्यायाधीशासमोर दोघे उभे आहेत. एकानें कारखाना काढला, रसायनें आणविलीं, गिऱ्हाइकें जमविलीं. दुसरा एकोणीस वर्षांचा पोरगा. बापाच्या आजारपणांत घेतलेलें कर्ज फेडण्यासाठीं त्यानें एक पिशवी येथून तेथें नेली. न्यायाधीशाला दोघांतलें अंतर स्वच्छ दिसत असलें, तरी दुसऱ्याला दहा वर्षांच्या खालीं आणण्याची सत्ता त्याच्या हातीं नाहीं. मौज अशी कीं, याच कायद्यांत ३२-ब हें एक कलम आहे. त्यांत कोणत्या कारणांसाठीं किमान शिक्षेहून अधिक शिक्षा द्यावी याची यादी दिली आहे. किमान शिक्षेहून कमी कोणत्या कारणांसाठीं द्यावी, याची यादी मात्र कोठेंच नाहीं. वर चढण्यास शिडी आहे, खालीं उतरण्यास पायरी नाहीं.

बरें, वजन तरी कशाचें करतात? २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें हिरा सिंग यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, शुद्ध अमली पदार्थ किती आहे हें न पाहतां त्यांत मिसळलेल्या भेसळीसकट सर्व मालाचें वजन धरावें. म्हणजे कोणी पांच ग्रॅम एमडींत पन्नास ग्रॅम साधी भुकटी मिसळली, तर तराजूवर पंचावन्न ग्रॅम भरणार आणि प्रमाण व्यापारी ठरणार. उलट चाळीस ग्रॅम शुद्ध माल बाळगणारा मधल्याच पायरीवर राहणार. दुधांत पाणी घालणाऱ्या गवळ्यास पाण्याचा दंड होतो हें आम्हांस कळतें. पण येथें पाणी घालतो एक आणि पाण्याचे दिवस भोगतो दुसरा. पुडी नेणाऱ्या पोराला आंत काय किती आहे याची खबरही नसते.

आणि ही झाली शिक्षा सुनावल्यानंतरची गोष्ट. त्याच्या आधींच अर्धी शिक्षा भोगून होते. माल तुमच्या ताब्यांत सांपडला कीं तो गुन्ह्याचा आहे आणि तुम्हांस तें ठाऊक होतें, असें न्यायालय गृहीत धरतें. उलट सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यांत जामीन हवा असेल, तर आरोपी दोषी नाहीं असें मानण्यास सबळ कारण आहे आणि तो सुटल्यावर गुन्हा करणार नाहीं, या दोन्ही गोष्टींविषयीं न्यायाधीशाची खात्री पटावी लागते. खटला उभा राहण्यापूर्वींच ही खात्री कशी पटावी? म्हणून कच्चे कैदी वर्षानुवर्षें आंत राहतात. मार्च २०२३ मध्यें गांजाच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सात वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेंत असलेल्या एका माणसास जामीन दिला. खटला लांबला हें जामिनाचें कारण होऊं शकतें, असें त्या निकालानें सांगितलें, हें बरेंच झालें. पण त्या सात वर्षांत घरच्या चुलीचें काय झालें असेल, याचा जाब कोणी कोणास द्यावा?

मुंबईच्या किनाऱ्यावरील एका विलासी जहाजाचें २०२१ सालचें प्रकरण वाचकांस आठवत असेल. त्यांत एका प्रख्यात नटाच्या मुलास पकडलें होतें. त्याच्याजवळ कांहीं सांपडलें नव्हतें. देशांतले नामांकित वकील उभे राहिले, तरी तीन आठवड्यांहून अधिक काळ तो अटकेंत राहिला. पुढें मे २०२२ मध्यें पुराव्याअभावीं त्याच्यावर आरोपपत्रच ठेवलें गेलें नाहीं. त्या मुलाविषयीं आमचा कांहीं राग नाहीं. त्याच्यावर अन्यायच झाला. आम्ही विचारतों तें इतकेंच: एवढें धन, एवढें नांव आणि एवढे वकील असतांना त्यास इतके दिवस लागले, तर धानिवच्या चाळींतल्या पोरास किती लागतील?

वस्तु बाळगण्याला गुन्हा ठरवून जवळचा हात पकडण्याची ही रीत आमच्या भागास नवी नाहीं. वसई तालुका तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. १८९२ सालीं मुंबई सरकारनें मोहाच्या फुलांचा कायदा केला, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत परवान्याशिवाय मोहाचीं फुलें बाळगणें गुन्हा ठरलें. मोहाचें फूल म्हणजे जंगलांतल्या वारली-कातकऱ्याचें अडीअडचणीचें अन्न. तें वाळवून ठेवावें, पावसाळ्यांत शिजवून खावें, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण त्याच फुलाची दारू घरोघर निघे आणि सरकारी मक्त्याच्या दारूचें उत्पन्न बुडे. म्हणून फूलच गुन्हेगार झालें. त्याच काळांत अफू आणि गांजा मात्र सरकारी परवान्याच्या दुकानांत उघड विकला जात होता. एमडी हें विष आहे आणि मोहाचें फूल हें अन्न आहे. दोन्ही एका मापानें मोजावीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याच्या हातांत वस्तु सांपडली तोच सर्व पापाचा धनी, ही समजूत तेव्हांही गरिबाच्या झोपडींत शिरली आणि मक्तेदाराच्या वाड्याबाहेर थांबली, हें विसरतां येत नाहीं.

जोतीराव फुले यांची दृष्टि येथें आठवावी. पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना, १८८० सालीं, शहरांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं तेव्हां त्यांनीं लेखी हरकत घेतली. बोट दाखविलें तें दुकानांच्या परवान्याकडे. झिंगून गटारांत पडलेल्याला आणखी किती फटके मारावे, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्याच्या घराशेजारीं दुकान कोणी आणून ठेवलें, हा होता.

आज तोच प्रश्न विचारला तर उत्तर काय येतें? आज दुकान केवळ रस्त्यावर नाहीं. तें पोराच्या हातांतल्या फोनमध्यें आहे, आणि रात्रीं उशाशीं निजतें. त्याची शिकवण एकच: घे, म्हणजे सुखी होशील. उद्यां नको, आजच घे. पैसे नाहींत? हप्त्यानें घे. शेजाऱ्यानें घेतलें आणि तूं घेतलें नाहींस, तर तूं मागें राहिलास. आम्ही रोज मुलांत वावरणारे शिक्षक आहों. मुलांस पंधराचा पाढा विसरतो, पण जाहिरातींतलें वाक्य विसरत नाहीं, हें आमच्या नित्य पाहण्यांतलें आहे. ज्या वसईनें केळीं, पानें, फुलें आणि भाजी पिकवून पहांटेच्या गाडीनें मुंबईला पोंचविली, ती वसई आतां संध्याकाळच्या गाडीनें मुंबईची हौस विकत घेऊन घरीं येते. जमीन गेली, तिचे पैसे आले, पैशांची मोटारसायकल आली; मोटारसायकलही जुनी झाली आणि हौस मात्र नवी राहिली.

या शिकवणीला विद्वान लोक उपभोगवाद म्हणतात. आमच्या साध्या भाषेंत ती हांवेची शाळा आहे. तिच्यांत मनुष्याची किंमत त्याच्या कष्टावरून होत नाहीं, तो काय विकत घेऊं शकतो यावरून होते. कष्ट करून जें मिळेना तें झटपट कसें मिळेल, हा मग पुढचा धडा. ज्याच्याजवळ पैसा आहे तो कंटाळा घालविण्यास पुडी विकत घेतो. ज्याच्याजवळ नाहीं तो फोनचा हप्ता भागविण्यास पुडी पोंचवितो. दोघेही एकाच शाळेचे विद्यार्थी. परीक्षेच्या दिवशीं मात्र मास्तर गायब होतो आणि शिक्षा विद्यार्थ्याला होते.

सरकारही या शाळेचा शुल्क घेतें. महाराष्ट्रांत १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अजून पुस्तकांत आहे आणि त्याप्रमाणें दारू पिण्यास परवाना लागतो. तरी दारूवरील करानें तिजोरी भरते. गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली. त्या नांवांच्या वेलदोड्याच्या आणि पानमसाल्याच्या जाहिराती मोठमोठे नट आजही करतात. दारूची जाहिरात करतां येत नाहीं, म्हणून त्याच नांवाच्या सोड्याची करतात. म्हणजे एका हातानें हांव पेरावयाची, दुसऱ्या हातानें तिचा कर गोळा करावयाचा, आणि जें पीक परवान्याबाहेर उगवलें तें कापण्यासाठीं दहा वर्षांचा विळा उपसावयाचा! बाजार म्हणतो, तुझें सुख तूं विकत घेतलेस त्यावर. कायदा म्हणतो, तुझें पाप तुझ्या खिशांतल्या वजनावर. दोघांनाही माणूस घरादारासकट, कर्जासकट, गांवासकट पाहण्याची इच्छा नाहीं.

ज्या अमेरिकेंतल्या लोकांनीं काळ्या गुलामांस मुक्त केलें, त्यांना जोतीरावांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. त्याच अमेरिकेनें वजनाच्या न्यायाचा प्रयोग आमच्या आगेमागेंच केला. १९८६ सालच्या कायद्यानें ‘क्रॅक’ नांवाच्या कोकेनचे पांच ग्रॅम सांपडले तर कमींत कमी पांच वर्षें. भुकटीच्या कोकेनचे पांचशें ग्रॅम असतील तेव्हां तितकीच पांच वर्षें. वस्तु मूळ एकच; पण क्रॅक गरीब वस्त्यांत विके आणि भुकटी श्रीमंतांच्या मेजवान्यांत. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झाली ती बहुतेक काळ्या लोकांस. चोवीस वर्षांनीं, २०१० सालीं, तेथील सरकारनें शंभरास एक हें प्रमाण अठरास एकावर आणलें. पण त्या चोवीस वर्षांत ज्यांचीं पोरें बाप तुरुंगांत असतांना वाढलीं, त्यांचें बालपण कोणत्या दुरुस्तीनें परत येणार?

कोणी म्हणेल, मास्तर, तुमची ही दया विष पसरविणाऱ्याच्या कामीं येईल. ज्या आईचा मुलगा एमडीनें गेला तिला जाऊन हें सांगा. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. त्या आईचा शाप खरा आहे. पण तिचा शाप कोणाला लागावा? सातशें किलो बनविणाऱ्यास वीस वर्षें द्या, आमची तक्रार नाहीं. मात्र त्याच्या जागीं पिशवी वाहणारा पकडून दहा वर्षें आंत घातला, तर कारखान्याचें एक चाकही थांबत नाहीं. कारण असा दुसरा पोरगा दुसऱ्या दिवशीं मिळतो. कडक शिक्षा आणि डोळस शिक्षा या दोन गोष्टी आहेत. मुंबई उच्च न्यायालयानें जून २०११ मध्यें याच कायद्यांतील सक्तीची फांशी घटनेविरुद्ध ठरविली. फांशीशिवाय दुसरी शिक्षाच नाहीं असें म्हणून न्यायाधीशाचे हात बांधतां येत नाहींत, असा त्याचा अर्थ. आणि २०१४ सालीं कायदाही त्याप्रमाणें बदलला. मग आमचा साधा प्रश्न आहे: जीव घेतांना न्यायाधीशाचे डोळे उघडे पाहिजेत, तर माणसाच्या तारुण्याचीं दहा वर्षें घेतांना ते बांधलेले कां असावेत?

म्हणून सरकारपाशीं आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. एक, केवळ माल वाहणारा, प्रथमच सांपडलेला, कोवळ्या वयाचा असा आरोपी असेल, तर कारणें लिहून किमान शिक्षेहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशास असावी. दोन, वजन करावयाचें तर शुद्ध विषाचें करावें, भेसळीचें नव्हे. तीन, नशेंतून सोडविणारें सरकारी उपचार केंद्र प्रत्येक तालुक्यांत असावें. कायद्याच्या ७१ व्या कलमांत अशीं केंद्रें सरकार काढूं शकेल असें लिहिलें आहे. शिक्षेच्या कलमांत मात्र ‘कमी नाहीं’ असा हुकूम आहे. जेथें सक्ती हवी तेथें मर्जी आणि जेथें मर्जी हवी तेथें सक्ती, ही उलटापालट थांबली पाहिजे.

पण सरकार जागें होईपर्यंत आपण निजून चालणार नाहीं. बंधूंनो आणि बहिणींनो, पुढील गोष्टी घरांत चारचौघांस वाचून दाखवा. अनोळखी माणसाचें पाकीट, पिशवी, डबा, कितीही पैसे दिले तरी उचलूं नका; मित्राचें म्हणूनही उचलूं नका. ज्यांनीं गाळे अथवा खोल्या भाड्यानें दिल्या आहेत, त्यांनीं भाडेकरू आंत काय करतो तें पाहावें; जाणूनबुजून जागा वापरूं दिली तर मालकासही तीच शिक्षा आहे. पोर नशेंत सांपडलें असेल तर झांकून ठेवूं नका. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यांतला व्यसनी जर स्वतः होऊन सरकारी अगर सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेऊं लागला, तर ६४-अ कलमाप्रमाणें त्याच्यावरील खटल्यापासून त्यास संरक्षण मिळूं शकतें. मात्र उपचार पुरा केला पाहिजे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठीं १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यास पैसे पडत नाहींत.

आणि दुर्दैवानें घरांतलें कोणी पकडलें गेलेंच, तर घाबरून कोणत्याही कागदावर अंगठा उठवूं नका. अंगझडती घेण्यापूर्वीं, ती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर व्हावी असें मागण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क आरोपीस सांगणें हें पोलिसांचें कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटसमोर उभें केलें पाहिजे. वकिलास पैसे नसले तर १९८७ च्या कायद्याप्रमाणें अटकेंतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठीं वसईच्या न्यायालयांतल्या विधि सेवा समितीकडे जावें, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावें. जमीन गहाण टाकून दलालाच्या मागें धांवण्याच्या आधीं हें करा.

सर्वांत कठीण काम शेवटीं सांगतों, कारण त्याला वकील उपयोगी पडत नाहीं. मुलानें मागितलेली प्रत्येक वस्तु हप्त्यानें आणून देणें हें प्रेम नव्हे. लग्नांत शेजाऱ्यापेक्षां मोठा मांडव घालण्यासाठीं कर्ज काढणें ही प्रतिष्ठा नव्हे. घरांत आपण जर रोज वस्तूला मान दिला आणि कष्टाला कमी लेखलें, तर पोर बाहेर जाऊन दुसरें काय शिकणार? मुलाला बागेंत, होडींत, सुताराच्या सामत्यावर, आपल्याबरोबर उभें करा. महिन्याच्या जमाखर्चाची वही त्याच्याकडून लिहवून घ्या. आपला बाप एक रुपया कसा मिळवितो हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, त्याच्या हातांत फुकटचे पैसे ठेवणाऱ्यास तो निदान एक प्रश्न विचारील. तेवढ्या एका प्रश्नानें पुष्कळ घरें वांचतील.